परमिट परत येईपर्यंत

मृगाचा पहिला जोरदार पाऊस आला की शहरांत आणि खेड्यांत एक गोष्ट न चुकता घडते: वीज जाते. ती गेली की आणखी एक गोष्ट तितक्याच नियमाने घडते. 'दोन थेंब पडले नाहीत तोच दिवे गेले. आठ महिने हे लोक करीत तरी काय होते?' असा उद्गार घरोघरी निघतो. या प्रश्नाचे उत्तर वस्तुतः कठीण नाही. परंतु ज्याला ते ठाऊक असते तो माणूस त्या वेळी भिजत एखाद्या खांबाखाली उभा असतो, आणि ज्याला सवड असते त्या मोठ्या कार्यालयातील अधिकाऱ्याला ते सोप्या भाषेत सांगण्याची सवय नसते.

अकरा हजार व्होल्टची वाहिनी ज्या खांबांवरून जाते त्या प्रत्येक खांबावर तारेचा लोखंडाशी संबंध येऊ नये म्हणून चिनी मातीचे रोधक बसविलेले असतात. चैत्र-वैशाखात ते दिवसभर तापतात, त्यांवर धुळीचा थर साचतो. तापलेल्या रोधकावर पहिल्या सरीचे गार पाणी पडले की एखाद्याला केसाएवढी भेग जाते आणि त्या ओल्या भेगेतून वीज खांबात व खांबातून जमिनीत उतरू लागते. उपकेंद्रातील यंत्रणा हा बिघाड क्षणार्धात ओळखते व वाहिनी बंद करते. तो खांब तसाच प्रवाहित राहिला असता तर सकाळी त्याला टेकलेले जनावर वा मूल दगावले असते. तेव्हा ज्याला आपण 'वीज गेली' म्हणतो तो पुष्कळदा यंत्रणेने दाखविलेला शहाणपणाच असतो, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

खरी कसोटी यापुढे लागते. पंधरा-वीस किलोमीटर पसरलेल्या वाहिनीवर ती भेग कोणत्या खांबावर आहे? विजेरीच्या उजेडात ती खालून दिसत नाही. मग वाहिनी मध्येच तोडून अर्धा भाग वेगळा करावयाचा, उरलेला अर्धा चालू करून पाहावयाचा. तो टिकला तर दोष पलीकडे, न टिकला तर अलीकडे. मग त्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग. हा शोध रात्री, पावसात, चिखलातून चाललेला असतो. गावात मात्र दिवे दोनदा येऊन दोनदा जातात, आणि 'उपकेंद्रात बसून खेळ चालला आहे' असा निष्कर्ष पारावर निघतो.

वीज कंपनीची नोकरी म्हणजे काय याची कल्पना यावयाची तर आरंभ या रात्रीपासून करावा लागतो. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० साली स्थापन झाले. २००३ च्या विद्युत कायद्यानंतर, २००५ च्या जून महिन्यात त्याचे विभाजन होऊन निर्मिती, पारेषण व वितरण यांच्या स्वतंत्र कंपन्या झाल्या. पाट्या बदलल्या, शिक्के बदलले. तरी लोकांच्या तोंडी अद्याप 'एमएसईबी'च आहे आणि जुने कर्मचारीही 'बोर्डात आहे' असेच सांगतात. वितरण कंपनीने तारांवर काम करणाऱ्यास 'जनमित्र' हे गोड नाव दिले. गाव त्याला 'वायरमन' म्हणते. या दोन नावांमधले अंतर पार करण्यातच त्याची उभी हयात जाते.

बहुधा तो शेतकऱ्याचा वा शेतमजुराचा मुलगा असतो. अलीकडे मुलगीही असते, आणि तिला खांबावर चढताना पाहण्यास गाव जमते तो प्रकार अजून पुरता थांबलेला नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून वीजतंत्री किंवा तारतंत्री हा अभ्यासक्रम पुरा करावयाचा, जाहिरातीची वाट पाहावयाची, निवड झालीच तर तीन वर्षे 'विद्युत सहायक' म्हणून ठरीव मानधनावर काढावयाची आणि नंतर कायम व्हावयाचे. या तीन वर्षांत तो शिकतो ते मुख्यतः ज्येष्ठ सहकाऱ्याकडे पाहून. पुस्तकातली वीज आणि तारेतली वीज या दोन निराळ्या वस्तू आहेत, हे त्याला पहिल्याच पावसाळ्यात उमगते.

तारेतल्या विजेविषयी एक साधा हिशेब येथे सांगितला पाहिजे. घरातील साठ वॅटच्या जुन्या दिव्यातून सुमारे २६० मिलिअँपियर प्रवाह वाहतो. त्याच्या एक दशांश प्रवाह मनुष्याच्या हातातून गेला तरी स्नायू आखडतात आणि धरलेली तार सोडू म्हटले तरी सुटत नाही. म्हणजे माणसाला मारण्यास अकरा हजार व्होल्ट लागतच नाहीत. घरातले २३० पुरे आहेत. पुन्हा विजेला ना रंग, ना वास, ना आवाज. गवंड्याला भिंत कललेली दिसते, वाहनचालकाला समोरून येणारी गाडी दिसते. तारेवर काम करणाऱ्याला मात्र तार जिवंत आहे की मेलेली, हे डोळ्यांनी कळण्याचा कोणताच मार्ग नसतो. त्याला दुसऱ्या माणसाच्या शब्दावर विसंबावे लागते.

या शब्दाचेच नाव 'परमिट'. दुरुस्तीस गेलेला तंत्रज्ञ उपकेंद्रातील यंत्रचालकाकडे अमुक वाहिनीचे परमिट मागतो. यंत्रचालक ती वाहिनी बंद करतो, मागचा स्विच उघडून ती पुरवठ्यापासून तोडतो, जमिनीशी जोडतो, कळीवर 'माणसे काम करीत आहेत' अशी पाटी अडकवितो, आणि मगच वहीत वेळ, वाहिनीचे नाव व मागणाऱ्याचे नाव लिहून परमिटाचा क्रमांक देतो. इकडे तंत्रज्ञाने तेवढ्यावर विश्वासून वर चढावयाचे नसते. तार मेली आहे याची त्याने स्वतः खात्री करावयाची, कामाच्या दोन्ही बाजूंना तारा जमिनीशी जोडावयाच्या, मग हात लावावयाचा. काम संपल्यावर माणसे मोजावयाची, हत्यारे मोजावयाची, जोडण्या काढावयाच्या आणि ज्याने परमिट घेतले त्यानेच ते परत करावयाचे. एकाच वाहिनीवर दोन टोळ्या दोन ठिकाणी काम करीत असतील तर दोन्ही परमिटे परत आल्याखेरीज ती वाहिनी चालू करावयाची नाही. कोणाचाही फोन आला तरी नाही.

दोन्ही बाजूंना जोडण्याचा हा आग्रह कशासाठी, अशी शंका एखाद्यास येईल. उपकेंद्रातून वीज बंद आहे ना, मग पुरे. परंतु वीज नेहमी उपकेंद्राकडूनच येते असे नाही. लग्नाच्या मंडपात, एखाद्या दुकानात वा इस्पितळात जनित्र चुकीच्या रीतीने जोडलेले असले तर त्याची वीज उलट्या दिशेने तारांत शिरते, रोहित्रातून मागे चढते आणि चढताना २३० चे अकरा हजार होते. तीन फर्लांगांवर कोणाच्या तरी घरी पंखा फिरू लागतो आणि इकडे खांबावरचा माणूस भाजून निघतो. ज्याच्या घरचा पंखा फिरला त्याला हे बहुधा कधी कळतही नाही.

पद्धत अशी चोख आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या आणि पुढे २०२३ च्या सुरक्षाविषयक विनियमांनी तिला कायद्याचा आधारही दिला आहे. तरीही दर पावसाळ्यात वृत्तपत्रांच्या आतल्या पानावर चार ओळींची एक बातमी येत राहते: 'विजेच्या धक्क्याने कर्मचाऱ्याचा मृत्यू'. विद्युत कायद्याच्या १६१ व्या कलमान्वये अशा अपघाताची चौकशी होते. मृताने परमिट घेतले नव्हते, किंवा घेतले ते दुसऱ्याच वाहिनीचे होते, किंवा तारा जमिनीशी जोडल्या नव्हत्या, असे काहीतरी तीत निष्पन्न होते आणि ते बहुधा खरेही असते. परंतु त्याने परमिट का घेतले नाही, हा पुढचा प्रश्न विचारला जात नाही. वीस वर्षे तारांवर काम केलेला, घरी बायकामुले असलेला मनुष्य आपला जीव धोक्यात घालतो तो केवळ निष्काळजीपणाने, असे समजणे सोयीचे असले तरी ते पटण्यासारखे नाही.

एक कारण घाईचे आहे. त्याचा भ्रमणध्वनी क्रमांक गावातील प्रत्येकाजवळ असतो. वीज जाऊन पाच मिनिटे होत नाहीत तोच तो वाजू लागतो. सरपंचांचा फोन, शाळेच्या मुख्याध्यापकांचा, पिठाच्या गिरणीवाल्याचा, ज्याच्या घरी आजारी माणूस आहे त्याचा; आणि प्रत्येकाची निकड खरी असते. एका हाताने फोन कानाला लावून दुसऱ्या हाताने शिडी धरणारा वायरमन हे खेड्यातले नित्याचे दृश्य होय. वाहिनी बंद करावयाची म्हणजे आणखी दहा गावे अंधारात घालावयाची. तेथूनही फोन येणार. त्यापेक्षा एका रोहित्राचा स्विच ओढून दोन मिनिटांत फ्यूज टाकून मोकळे व्हावे, असे त्याला वाटले तर नवल नाही. तो स्विच तीन पात्यांचा असतो. जुन्या, गंजलेल्या स्विचची दोन पाती उघडतात आणि तिसरे कधी कधी चिकटून राहते. खालून, अंधारात, ते दिसत नाही.

दुसरे कारण माणसांच्या तुटवड्याचे. जे काम दोघांनी करावयाचे, एकाने चढावयाचे व एकाने खाली उभे राहून लक्ष ठेवावयाचे, ते पुष्कळदा एकटाच करतो. रात्रपाळीच्या उपकेंद्रात यंत्रचालकही बहुधा एकटा असतो. पावसात चार वाहिन्या एकदम पडल्या की त्याच्या एका दूरध्वनीवर चार टोळ्या परमिट मागत असतात आणि मधूनमधून पन्नास ग्राहक शिव्या देत असतात. तो दूरध्वनी 'काढून ठेवतो' असा त्याच्यावर नेहमीचा आरोप आहे. तो कधी कधी खराही असेल. परंतु ज्या मार्गाने परमिटाचे शब्द यावयाचे तोच मार्ग तक्रारींनी तुंबला, तर खांबाखालच्या माणसाने काय करावे, याचा विचार तक्रार करणाऱ्याने एकदा केला पाहिजे.

आणि हा संताप केवळ खंडित विजेचा असता तरी एक वेळ चालले असते. वीज कंपनीच्या नोकरीतला खरा जाच असा की जे निर्णय कर्मचाऱ्याने घेतलेले नसतात त्यांचा चेहरा त्याला व्हावे लागते. २००५ नंतरची काही वर्षे आजच्या शिक्षकांना व त्या वेळच्या विद्यार्थ्यांना आठवत असतील. मागणी वाढली होती, निर्मिती वाढली नव्हती. ग्रामीण भागात भारनियमन दिवसाला बारा-बारा तासांवर गेले होते. दहावी-बारावीच्या परीक्षांचा अभ्यास कंदिलावर झाला. प्रकल्प का रखडले याची उत्तरे मुंबईत होती, पण दगड उपकेंद्राच्या काचांवर आले. वेळापत्रकाप्रमाणे वाहिन्या बंद करणाऱ्या यंत्रचालकाला स्वतःच्या घरावरची वाहिनीही स्वतःच्याच हाताने बंद करावी लागत होती. हे दगड मारणाऱ्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

२०२० साली टाळेबंदीत मीटरवाचन थांबले. जूनमध्ये तीन महिन्यांची देयके एकदम हाती पडली आणि खिडकीपलीकडच्या लिपिकाला दिवसभर एकच गुणाकार समजावून सांगावा लागला. सवलत मिळेल अशी भाषा आधी झाली आणि नोव्हेंबरात ती मागे घेतली गेली. मधल्या काळात 'थांबा, सवलत येते आहे' असे ज्यांना सांगितले त्यांनाच 'आता भरा' असे सांगण्याची पाळी याच लिपिकावर आली. पुढील वर्षी थकबाकीदारांची जोडणी तोडण्याची मोहीम निघाली. २ मार्च २०२१ रोजी विधानसभेत तिला स्थगिती जाहीर झाली आणि १० मार्चला, अधिवेशन संपता संपता, ती स्थगिती उठली. सोमवारी तोडावयास सांगितले, मंगळवारी थांबविले, पुढच्या आठवड्यात पुन्हा तोडावयास सांगितले. धोरणे अशी बदलू शकतात. राज्यकारभारात ते अटळही असेल. परंतु ज्या शेतकऱ्याचा पंप तोडावयाचा तो पुष्कळदा तोडणाऱ्याच्याच गावचा असतो, त्याच्याच नात्यातला असतो, आणि ज्वारी करपत असताना बांधावर उभे राहून त्याच्या डोळ्यांत पाहणे हे काम मंत्रालयातील कोणालाही करावे लागत नाही. २०२४ साली साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत विजेची योजना जाहीर झाली तेव्हा सर्वांत मोठा सुस्कारा शेतकऱ्याच्या खालोखाल वायरमननेच सोडला असेल.

याचा अर्थ वीज कर्मचारी सारेच सज्जन आहेत असा नाही. नव्या जोडणीसाठी हेलपाटे घालावयास लावणारे, आकडा टाकणाऱ्याकडे पाहून न पाहिल्यासारखे करणारे, घरी बसून मीटरचे आकडे लिहिणारे तेथे नव्हते व नाहीत असे कोण म्हणेल? त्यांच्याविषयी लिहिलेही पुष्कळ गेले आहे. परंतु या थोड्यांच्या पापाचा हिशेब ज्याच्याकडून वसूल होतो तो बहुधा दुसराच असतो.

सगळ्या नोकऱ्या खांबावरच्याच असतात असेही नाही. ५ एप्रिल २०२० च्या रात्री नऊ वाजता देशभर नऊ मिनिटे दिवे मालविण्याचे आवाहन झाले. लोकांनी पणत्या लावल्या. त्याच वेळी कळव्याच्या राज्य भारप्रेषण केंद्रातील आणि देशातील अशा प्रत्येक केंद्रातील अभियंत्यांचे डोळे एका आकड्यावर खिळले होते. वीज साठवून ठेवण्याची मोठी सोय नसल्यामुळे जितकी लागते तितकीच त्या क्षणी निर्माण व्हावी लागते. तोल ढळला की पन्नासवर स्थिर राहणारी वारंवारता हलते आणि फार हलली तर संच आपोआप बंद पडू लागतात. त्या काही मिनिटांत देशाची मागणी सुमारे ३१,००० मेगावॅटने उतरली आणि लगेच पुन्हा चढली. जलविद्युत संच आधी वाढवून, मग झपाट्याने कमी करून, पुन्हा वाढवून तो तोल राखला गेला. दुसऱ्या दिवशी त्याचा फारसा गवगवा झाला नाही. काहीच घडले नव्हते ना!

त्यानंतर दोन महिन्यांनी, ३ जूनला, निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगड या भागांत हजारो खांब आडवे झाले. साथीचे दिवस, मुसळधार पाऊस, वाडीपर्यंत गाडी जाण्यास रस्ता नाही. तेव्हा राज्याच्या अन्य भागांतून आलेल्या टोळ्यांनी गावकऱ्यांच्या मदतीने खांब खांद्यावर वाहून डोंगरावर नेले. कित्येक गावांना वीज मिळण्यास आठवडे लागले आणि तो विलंब लोकांना असह्य झाला, हेही तितकेच खरे. पण त्या टोळ्यांत एक गोष्ट सहज दिसत होती. खांब वाहणाऱ्यांपैकी पुष्कळ जण कंपनीचे नव्हतेच. ते ठेकेदाराचे होते.

येथे तिसऱ्या कारणापाशी येऊन पोहोचतो. गेल्या काही वर्षांत वीज कंपन्यांत बाह्यस्रोतांद्वारे घेतलेल्या कंत्राटी कामगारांचे प्रमाण वाढत गेले आहे. काम तेच, खांब तोच, तार तीच. पगार, रजा, विमा आणि निवृत्तीनंतरची सोय मात्र निराळी. ठेका बदलला की मालक बदलतो, माणूस त्याच खांबाखाली राहतो. ४ जानेवारी २०२३ रोजी तिन्ही वीज कंपन्यांचे कर्मचारी भांडुप परिमंडळातील खासगी कंपनीच्या समांतर परवान्याच्या मागणीविरुद्ध ७२ तासांच्या संपावर गेले आणि त्याच दिवशी शासनाशी बोलणी होऊन संप मिटला, तेव्हा खासगीकरणाची चर्चा वृत्तपत्रांतून बरीच झाली. पण खासगीकरण आणखी एका, अधिक शांत वाटेनेही येत असते, आणि त्या वाटेवर संपाचा नारा क्वचितच उमटतो.

परमिटाचा या साऱ्याशी निकटचा संबंध आहे. परमिट मागण्याचा अधिकार प्राधिकृत कर्मचाऱ्याला असतो. तो एक असतो आणि त्याच्याकडे गावे पाच-सहा असतात. त्यामुळे वहीत नाव एकाचे आणि खांबावर दुसराच, असे घडण्यास वाव राहतो. ज्याच्या नावे परमिट आहे तो चार किलोमीटरवर दुसऱ्या रोहित्रापाशी अडकलेला. 'झाले का रे?' 'झाले दादा' असे फोनवर बोलणे होते. तो परमिट परत करतो. आणि 'झाले' म्हणणारा मुलगा राहिलेली पक्कड आणावयास पुन्हा वर चढलेला असतो. यंत्रचालकाने नियमाप्रमाणेच वाहिनी चालू केली. प्राधिकृत कर्मचाऱ्याने विचारूनच परमिट परत केले. मुलाचे नाव वहीत नव्हतेच.

यावर उपाय नाहीत असे नाही. तारेला हात लावणाऱ्या प्रत्येकाचे नाव, मग तो कंपनीचा असो की ठेकेदाराचा, परमिटाच्या वहीत असलेच पाहिजे, आणि ते प्रत्येक नाव खाली उतरल्याची नोंद झाल्याखेरीज परमिट परत घेता येऊ नये. ग्राहकांच्या तक्रारींचा दूरध्वनी आणि परमिटाचा दूरध्वनी निराळे असले पाहिजेत. ही तर अगदी थोड्या खर्चाची गोष्ट आहे. चढणारा एक आणि पाहणारा एक, इतकी माणसे प्रत्येक शाखा कार्यालयात असावयास हवीत, आणि ती रिक्त पदे भरल्याशिवाय मिळणार नाहीत. पुण्यासारख्या शहरात गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद ठेवली जाते तेव्हा कुरकुर करणाऱ्या सुशिक्षित नागरिकाने हे ध्यानी घ्यावे, की उन्हाळ्यातल्या त्या चार तासांत बदललेला एक रोधक म्हणजे जूनमधल्या एका रात्रीचे एक परमिट कमी.

पावसाळ्यात रात्री दोनच्या सुमारास एखाद्या आडगावच्या उपकेंद्रात गेले तर यंत्रचालक वही समोर ठेवून बसलेला आढळेल. बाहेर पाऊस, आत फलकावर अडकविलेली पाटी. दूरध्वनी वाजतो. कोणी बडे गृहस्थ बोलत असतात. पाहुणे आले आहेत, वाहिनी तेवढी चालू करा, बाकीचे मग पाहू. यंत्रचालक अदबीने सांगतो, साहेब, परमिट परत आलेले नाही. पलीकडून बदलीची भाषा होते. तो पुन्हा तेच सांगतो, दूरध्वनी ठेवतो आणि वहीतल्या रिकाम्या रकान्याकडे पाहत बसतो.